बालेकिल्ल्यावरून चहूकडे

राजगडाचा बालेकिल्ला, सकाळचे साडेसात. काठीच्या टोकाला कॅमेरा. पाठीला पाठ लावलेली दोन भिंगं, प्रत्येकाच्या नजरेत अर्ध्या गोलाहून थोडं जास्तच. तोरणा, सिंहगड, पुरंदर, रायरेश्वर एकाच क्षणात आले. नेम कुठे धरायचा हा प्रश्नच नाही.

*

दोन चित्रं जुळतात तिथली शिवण तपासली. तोरणा सहा-सात किलोमीटरवर, तिथे काही कळत नाही. हातभरावरचा लोखंडी कठडा मात्र मधोमध तुटून दोन बोटं सरकलेला. एकेक डोळा आळीपाळीने मिटला की समोरचं बोट सरकतं, तसंच हे. दोन भिंगं एका जागी नसतात. हाच कॅमेरा यंत्रमानवावर बसवला तर त्याला धडकायची भीती नेमकी जवळच्याच वस्तूंची, म्हणून मला ही शिवण फार खुपते.

*

1997 साली कोलंबिया विद्यापीठात श्री नायर यांनी (श्री हे त्यांचं नावच) यावर सुंदर तोड काढली. एकच कॅमेरा आणि त्याच्यासमोर फुगीर, पॅराबोलाच्या आकाराचा आरसा. चहूकडचं दृश्य जणू एकाच बिंदूतून पाहिलेलं, त्यामुळे शिवणच नाही.

*

हिशेब: चित्राची रुंदी 5,760 ठिपके, अंश 360. अंशाला 16 ठिपके. चांगला डोळा अंशाला साठेक ठिपके वेगळे ओळखतो. सगळं दिसतं, पण सुवेळा माचीवरचा माणूस कोण ते कळत नाही.

*

साधा कॅमेरा लावलेलं यंत्र वळलं की ओळखीची खूण चित्रातून निसटते. चहूकडे बघणाऱ्याच्या चित्रात ती नुसती कडेला सरकते. तोरणा, सिंहगड, पुरंदर यांच्यामधले कोन मोजले की आपण नकाशावर कुठे उभे आहोत ते निघतं. मोजणीवाल्यांची जुनीच रीत. धुक्यात तिन्हींतला एक झाकला की अडलं.

*

दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेत घडलेला ‘दक्ष’ हा यंत्रमानव बॉम्ब हाताळतो आणि माणूस लांबून त्याच्या कॅमेऱ्यांतून बघतो. लांबून बघताना विलंब छळतो. मान वळवणारा कॅमेरा असेल तर हुकूम जायचा, कॅमेरा वळायचा, मग चित्र यायचं. पूर्ण गोलच आधी येऊन पडला असेल तर बघणाऱ्याने मान वळवताच त्यातला हवा तो तुकडा इथल्या इथे मिळतो. वेल्ह्याच्या खोऱ्यात रेंज कुठेही जाते, तिथे हा फरक मोठा.

*

संध्याकाळी सकाळचं चित्र व्हीआर चष्म्यात घातलं आणि तो आत्याच्या डोळ्यांवर चढवला. गुडघ्यांमुळे तिला गड चढवत नाही. शेवटची गेली तेव्हा गुंजवणी धरण झालेलं नव्हतं. मी म्हणालो, “आत्या, तोरणा बघ.” ती उलट खाली वाकली, मग हळूहळू डावीकडे वळत राहिली. मला जे दाखवायचं होतं त्याच्याकडे तिची पाठ. खुर्चीची कड एका हाताने घट्ट धरलेली.

“पाणी कुठवर चढलंय रं हे? थांब, काढू नको. मला बांध हुडकू दे.”