तीन टक्के वारा

आम्ही बंदराच्या कचेरीत लागलो तेव्हा तेलाच्या तवंगाची वाट कागदावर काढली जाई. टेबलभर पसरलेला चार्ट, पॅरलल रूलर, डिव्हायडर आणि टोक काढलेली पेन्सिल. हिशेब सोपा. तेल प्रवाहाबरोबर पुरतं वाहतं, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने ढकललं जातं. वारा २० नॉट, तर त्याचा रेटा ०.६ नॉट. प्रवाहाचा बाण काढायचा, त्याच्या टोकाला वाऱ्याचा बाण जोडायचा; तासाभराने तवंग कुठे असेल ते कळे. मग भरतीचं कोष्टक पाहून पुढचा बाण. करंज्याचा एखादा तांडेल सांगे, "सायेब, उधाणाचं पाणी हाय, खाडीत पार आत जाईल." तेही आम्ही चार्टावर टिपून घेत असू. त्या टेबलाभोवतीचे वाद मला अजून प्रिय आहेत.

पण तेल कुठे जाईल हे कळलं, तरी त्याचं करायचं काय? इथे सगळा कारभार घाईचा. किनारा काळा झाला की काहीतरी केलंच पाहिजे, असं सगळ्या जगालाच वाटे. १९६७ साली कॉर्नवॉलजवळ ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं, तेव्हा ब्रिटिशांनी तेल फोडणारी सुमारे १०,००० टन रसायनं ओतली. तेलातून वाचलेले खडकांवरचे शिंपले त्या रसायनांनी मेले. जिथे फवारणी झाली नाही, तो किनारा दोन-तीन वर्षांत सावरला. रसायनांनी धुतलेल्या किनाऱ्यांना दहा वर्षांहून जास्त लागली.

आता अमेरिकेतल्या ‘नोआ’ या सागर-हवामान संस्थेच्या ‘एडिऑस’ या संगणक प्रणालीत तेलाची जात, वारा आणि पाण्याचं तापमान भरलं की किती तेल उडून जाईल, किती पाण्यात मिसळेल, उरलेलं किती दाट होईल, याचा आलेख समोर येतो. आपल्या किनाऱ्यांसाठी तवंगाची वाट हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सागरी माहिती संस्था वर्तवते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दाटपणाचा आकडा. तेल पातळ आहे तोवरच ते फोडणारं रसायन लागू पडतं. पाणी शोषून त्याचा लगदा झाला की फवारणी वाया. मग तरंगता बांध (बूम) लावून वरचं तेल खेचणाऱ्या यंत्राने (स्किमरने) उचलायचं, किंवा हात लावायचा नाही.

हे शेवटचं सर्वांत अवघड. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडलं. अमावास्या तीन दिवसांवर होती, म्हणजे उधाण जवळ आलेलं. उरण-अलिबागचे किनारे माखले, खाडीकाठच्या तिवरांत तेल शिरलं. संवेदनशीलतेच्या नकाशांत उघड्या खडकाला १ आणि तिवरांना १० क्रमांक देतात, तो उगाच नव्हे. चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं पायाखाली मोडतात, आणि बादल्या घेऊन उतरलेली माणसं तेल आणखी खोल दाबतात.

अशा ठिकाणी "थांबा, भरती-ओहोटीला धुऊ द्या" म्हणणारा अधिकारी पूर्वी शिव्या खाई. आज आलेख आणि नकाशा सरपंचासमोर उघडून तो हेच सांगू शकतो.