बाळाची शी कोणी काढायची?

घरात बाळ जन्माला आले की पेढे वाटायला सगळे पुढे असतात. त्याला मांडीवर घेऊन फोटो काढायलाही गर्दी होते. पण त्याच बाळाने मांडीवर शी केली की "अगं, घे गं याला आधी" अशी हाक चुलीकडे जाते. हात पुसत धावत येते ती बाळाची आई असते, आजी असते, नाही तर आत्या असते. बाप, चुलता, आजोबा क्वचितच. आम्ही दिवसा कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या कामात असतो. सभांतून समतेवर बोलणारे पुष्कळ ऐकले, आम्हीही बोललो. पण समतेचा खरा जमाखर्च घरातल्या अशा लहानशा कामातच लागतो, असे आमचे मत झाले आहे.

मागच्या वर्षी आमची पुतणी बाळंतपण आटोपून बार्शीला सासरी निघाली. पोचवायला आम्ही गेलो. पुतणीला गाडी लागते, म्हणून ती खिडकीशी डोळे मिटून बसलेली आणि तीन महिन्यांची नात आमच्या मांडीवर. इंदापूर यायच्या आधीच मांडी ओली लागली. पाहतो तर डायपर फुगलेला, शी पाठीवर मानेपर्यंत चढलेली, झबले पिवळे आणि आमची विजारही पिवळी. गाडी स्टँडात लागताच आम्ही बाकावर मेणकापड पसरले आणि कामाला लागलो. शेजारच्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "अवो दादा, द्या इकडं त्या लेकराला. गड्याचं काम न्हाई ते." आम्ही म्हणालो, "मावशी, लेकरू आमच्या मांडीवर भरलंय, मग काम दुसऱ्या कुणाचं?" मावशी हसल्या आणि बाटलीतले पाणी हातावर ओतू लागल्या. बाकावरचे पुरुष मात्र आम्ही काही कमीपणाचे काम करीत आहोत, अशा नजरेने पाहत होते. ती नजर आम्हाला जास्त लागली.

खरे तर हे काम कुणालाही शिकता येते. आधी सगळे सामान हाताशी घ्यावे. मेणकापड किंवा जुने वर्तमानपत्र, पाण्यात पिळलेली दोन मऊ सुती फडकी, एक कोरडे फडके आणि नवे लंगोट किंवा डायपर. एक हात सतत बाळावर असावा. बाकावर, कॉटवर ठेवलेले बाळ पाठ वळताच कलंडते. भरलेले झबले डोक्यावरून ओढू नये, घाण तोंडाडोळ्यांना लागते. नाड्या सोडून काढावे. नाड्या नसतील आणि गळा मोठा असेल, तर खांद्यांवरून खाली सरकवून पायांतून काढावे. डायपर सोडल्यावर लगेच ओढून घेऊ नये. त्याच्याच पुढच्या कोरड्या भागाने मोठी घाण खाली पुसून घ्यावी आणि तो आत दुमडावा. मग बाळाचे दोन्ही घोटे एका हातात हलकेच धरून ओल्या फडक्याने पुसावे. पुसताना हात नेहमी पुढून मागे जावा. मुलीच्या बाबतीत हे फार जपावे, नाही तर शीतले जंतू लघवीच्या जागी जातात. जांघेच्या वळ्या विसरू नयेत. घासू नये, टिपून कोरडे करावे आणि थोडा वेळ उघडे ठेवावे. साधे पाणी पुरते, त्यासाठी महागड्या ओल्या रुमालांची गरज नाही. पावडर फासू नये, ती बाळाच्या श्वासात जाते.

डायपर वारंवार बाहेर फुटत असेल तर तो लहान पडतो आहे काय, हे पाकिटावर छापलेल्या वजनावरून पाहावे. मांड्यांजवळची झालर आत दुमडलेली राहिली तरी तिथून गळते. पैसे वाचावेत म्हणून एकच डायपर रात्रंदिवस ठेवला, तर कातडी सोलवटते आणि औषधाला जास्त पैसे जातात. घरी असताना जुन्या सुती धोतराचे, साडीचे लंगोट केव्हाही चांगले.

भरलेले कपडे सरळ बादलीत टाकू नयेत. शी आधी संडासात झटकावी, कपडा थंड पाण्यात खंगाळावा, मग साबण लावावा. पहिल्यांदाच कढत पाणी ओतले तर डाग पक्का बसतो. धुतल्यावर कडक उन्हात वाळवले की उरलेला पिवळेपणा बराच उडतो. जमिनीवर सांडले असेल तर उचलून, साबणाच्या पाण्याने पुसून, मग ब्लीचिंग पावडरचे पाणी फिरवावे. मात्र ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे अॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि एका खोलीच्या घरात तो बाळाच्या नाकात जातो.

आपल्याकडे "तान्ह्याच्या शीला काय होतंय!" असे सर्रास म्हणतात. हा समज घातक आहे. जुलाबाचे जंतू तान्ह्याच्या शीतही असतात आणि न धुतलेल्या हातांनी ते भाकरीपर्यंत पोचतात. काम झाल्यावर साबण लावून, मनात वीस अंक मोजेपर्यंत हात चोळावेत, नखांत बोटे घालावीत. रोटाव्हायरसच्या जुलाबावरचे थेंब सरकारी लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आले. ते ६, १० आणि १४ आठवड्यांना फुकट मिळतात. तेही चुकवू नयेत.

इथवर घरातले झाले. पण तो गुंडाळलेला डायपर पुढे कुठे जातो? पुष्कळ जण तो तसाच उघडा बादलीत, नाही तर नाल्यात टाकतात. पुण्यात दारोदार कचरा घेणाऱ्या बायांची "स्वच्छ" ही सहकारी संस्था २००८ पासून काम करते. कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. या कामात बहुसंख्य आपल्याच मायबहिणी आहेत. ओला-सुका वेगळा करताना आपल्या बाळाची शी त्यांच्या बोटांना लागते आणि त्याच हातांनी त्या दुपारी डबा उघडतात. हाताने मैला उचलायला लावण्यावर १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बंदी घातली. मग आपल्या दारातून तोच मैला पुन्हा एका बहिणीच्या हातात कसा द्यायचा? घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी डायपर नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली. पुण्यातल्या या बायांनी साधी युक्ती सांगितली. शी संडासात टाकून डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावा आणि वर लाल ठिपका काढावा, म्हणजे तो कुणी उघडणार नाही. एक कागद आणि एक ठिपका, याला काही खर्च नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि कुणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायाकडून धरून त्याला उचलले आणि खाटेवर निजवले. तिथे त्यांनी ना सेवकाला हाक मारली, ना कुणा बाईला.

आपल्या घरांत त्यांची तसबीर आहे. म्हणून बापांना, काकांना, आजोबांना आमचे एवढेच सांगणे आहे. यापुढे बाळाने शी केली तर हाक मारू नका, उठा. पुसा, धुवा, गुंडाळा आणि लाल ठिपका काढा. घाण आपल्या घरची आहे, तिला शेवटपर्यंत आपलेच हात लागले पाहिजेत. शेजारी उभा राहून पाहणारा तुमचा मोठा मुलगाही ते शिकेल, आणि उद्या त्याच्या घरात ही हाक कुणाला मारावी लागणार नाही.