प्रांताधिकारी झालेल्या भाचीला

प्रिय सई,

सातपुड्यात प्रांत म्हणून रुजू झालीस, त्यामुळे उपविभागीय वनहक्क समितीचं अध्यक्षपदही तुझ्याकडे आलं. दाव्यांचे गठ्ठे उघडण्याआधी २००६च्या वनहक्क कायद्याचं प्रास्ताविक वाच. इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही जंगलं सरकारजमा करताना आदिवासींच्या वडिलोपार्जित हक्कांची नीट नोंद झाली नाही, हा ऐतिहासिक अन्याय होता, असं संसदेनं तिथे स्वतः लिहिलंय. प्रत्येक दावा या कबुलीच्या जोरावर तुझ्यापुढे येतो.

तरी कचेरीत पहिला प्रश्न कागदाचाच निघतो. ज्यांची नोंदच केली नाही, त्यांच्याकडे नोंद मागायची, हे मला फार लागतं. या कायद्याखालचा नियम १३ शांतपणे वाच. गावातल्या वडीलधाऱ्यांची लेखी घेतलेली जबानी पुरावा धरली जाते. शेताचा बांध, जुनं घर, हेही पुरावेच. अमुकच कागद आण, असा हट्ट समितीला धरता येत नाही. दावा फेटाळलास, तर कारण लिही आणि ते दावेदाराच्या हाती पोचव. अपिलासाठी त्याला साठ दिवस असतात. १३ फेब्रुवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं, ज्यांचे दावे फेटाळले गेले होते त्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता. पंधरवड्यात त्याला स्थगिती मिळाली, पण ‘अपात्र’ या एका शेऱ्यानं माणूस कुठवर ढकलला जातो, ते तेव्हा दिसलं.

हक्क मिळाला तरी तो हातात पडतोच असं नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूही त्यांचाच ठरला. पण वाहतूक परवान्यावाचून तो गावाबाहेर नेता येईना. अखेर एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि परवान्यांचं पुस्तक गावचे नेते देवाजी तोफांच्या, म्हणजे ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. त्या एका पुस्तकासाठी एवढं करावं लागलं! दर गावात मंत्री येणार नाहीत. तिथे तू आहेस.

आणखी एक. पट्टा नवराबायको दोघांच्या नावानं द्यायचा, असं कायदा सांगतो. सहीआधी बाईचं नाव आहे ना, ते बघ. नसेल तर फाईल परत पाठव.

तब्येत सांभाळ. पावसाआधी मी येतेच.

तुझी,
मावशी