सौंसरचा रिसीव्हर आणि दोन जंपर

माझी सासुरवाडी मध्य प्रदेशात, सौंसरला आहे असे गोव्यात सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तिथे हिंदीतच बोलावे लागत असेल?" नाही हो! सौंसर आणि पांढुर्णा या भागात घराघरांत मराठीच चालते, नागपुरी वळणाची. 1956 पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. बाहेरच्यांना हे नाव माहीत असते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणाऱ्या गोटमारीमुळे. संत्र्यांमुळेही असेल. मी मात्र आज लिहिणार आहे ते माझ्या सासऱ्यांच्या रिसीव्हरबद्दल.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातला एक जपानी रिसीव्हर आहे. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत असले की त्याला रिसीव्हर म्हणतात. मामाजींना रेडिओ हवा होता तो नागपूर केंद्रासाठी. हे केंद्र 1948 साली सुरू झाले. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, कोर्टाचे कागद हिंदी, अशा गावात संध्याकाळच्या मराठी बातम्या आणि नाट्यगीते नागपूरहून येत. राज्याची सीमा बदलली तरी आकाशवाणीच्या लहरी काही सौसरच्या अलीकडे थांबल्या नाहीत.

गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा मामाजी म्हणाले, "जवाईबापू, पाहा बरं, डावीकडचा बोलूनच नाही राहिला." आवाजाचे बटण फिरवले की डावा स्पीकर खरखरायचा, क्षणभर गायचा आणि पुन्हा गप्प. माझ्या मेव्हण्याचे मत होते की पेटी भंगारात द्यावी आणि ब्लूटूथचा स्पीकर आणावा. नागपूरच्या एका दुकानदाराने त्याला सांगितले होते की मागचे जंपर बदला, महागातली केबल लावा, आवाज नव्यासारखा होईल. तशी एक जोडी तो घेऊनही आला होता.

हे जंपर म्हणजे काय ते सांगतो. अशा जुन्या रिसीव्हरच्या पाठीमागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' अशी दोन-दोन भोके असतात. यंत्राचे आत दोन भाग. पहिला आवाज कमी-जास्त करतो, जाड-बारीक करतो. दुसरा त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. मध्ये इक्वलायझर किंवा दुसरा अॅम्प्लिफायर जोडता यावा म्हणून हे दोन भाग बाहेरून जोडलेले असतात. जोड म्हणजे 'यू' आकाराचा धातूचा छोटा तुकडा, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. तो काढला की दोन्ही भाग ठणठणीत असूनही त्या बाजूचा स्पीकर मुका होतो.

आधी रिसीव्हर बंद करून प्लग काढला. हे महत्त्वाचे आहे. जंपर आवाजाच्या बटणाच्या पुढे बसतात, त्यामुळे चालू यंत्रावर ते उपसले तर बटण शून्यावर असले तरी मोठी घरघर होऊन स्पीकर जाऊ शकतो. दोन्ही तुकडे काळवंडलेले होते. पांढुर्ण्याच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून मेव्हण्याने आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणले. कापसाच्या काडीने तुकडे आणि भोके पुसली, तर कापूस काळाकुट्ट. मग तेच जुने तुकडे परत घातले, जागच्या जागी दोन-चारदा फिरवले आणि प्लग लावला. डावा स्पीकर गाऊ लागला.

मेव्हणा हिरमुसला, कारण त्याची केबल पिशवीतच राहिली होती. म्हटले, तीही पाहू. पुन्हा सगळे बंद करून उजवीकडे नवी केबल लावली, डावीकडे जुना तुकडा ठेवला आणि मोनोचे बटण दाबले. मोनोत दोन्ही स्पीकरना एकच आवाज जातो. दोन्ही बाजू सारख्या असतील तर गायक बरोबर मधोमध उभा वाटतो. रेकॉर्ड लावली 'कट्यार काळजात घुसली'ची. मामाजींनी डोळे मिटले. "मधातच हाये," ते म्हणाले, "मले तर काही फरक नाही वाटून राहिला."

वाटणारही नाही. या जोडातून जाणारा प्रवाह अगदी नगण्य असतो, आणि 'यू' तुकडा इतका आखूड असतो की चांगल्या धातूच्या स्वच्छ तुकड्यापेक्षा केबल वेगळे काही करू शकत नाही. केबल लावल्यावर लोकांना फरक जाणवतो तो बहुधा जुना तुकडा उपसताना गंज खरवडला जातो म्हणून. तरीही शेवटी आम्ही दोन्ही बाजूंना केबलच ठेवली. जुन्या तुकड्यांचा मुलामा उडाला होता आणि ते भोकांत सैल बसत होते, म्हणजे वर्षभरात पुन्हा खरखर ठरलेली. नवी केबल घट्ट बसते. पण त्यासाठी महागडी लागत नाही, साधी, आखूड, शील्ड असलेली पुरते.

त्या रात्री 'कट्यार'च बराच वेळ चालू होती. गंमत पाहा, 1967 च्या या नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे मूळचे विदर्भातल्या मूर्तिजापूरचे, आणि संगीत दिले ते आपल्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी. सौंसरच्या त्या खोलीत विदर्भ आणि गोवा एकाच तबकडीवर फिरत होते. ज्या राज्याची राजभाषा आपली नाही तिथे भाषा कशी टिकते, हे मला तिथे बसून जरा कळले. मामाजींच्या नातवंडांची शाळा हिंदीत आहे, पण आजोबांच्या शेजारी बसून ती ही गाणी ऐकतात आणि अडलेला शब्द विचारतात. आजोबा मराठीतच समजावून सांगतात. पेटी भंगारात गेली असती तर हे बसणेही गेले असते.

तुमच्याकडे असा एखादा जुना रिसीव्हर धूळ खात पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी प्लग काढून त्याच्या पाठीमागे एकदा पाहा.