नगरप्रदक्षिणा

नगर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेथील भुईकोट किल्ला उभा राहतो. चांदबिबीचा पराक्रम आणि १९४२ नंतर तेथे बंदिवासात असलेल्या पंडित नेहरूंचे ग्रंथलेखन ह्या गोष्टी आपण शाळेतच शिकतो. अहमद निजामशहाने १४९० साली सीना नदीच्या काठी वसविलेल्या ह्या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. ह्याच जिल्ह्यातील चौंडी गावी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे ते स्मरण होय. तथापि आम्हां जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘नगर’च येते, म्हणून येथेही मी तोच शब्द योजतो.

किल्ल्यावरून राज्ये कशी आली आणि कशी गेली, ते कळते. परंतु गावातील साधी माणसे एकमेकांच्या शेजारी कशी राहिली, हे कळावयाचे असेल तर त्यांच्या देवस्थानांकडे वळले पाहिजे. अशा विचाराने एका रविवारी मी सातवीत शिकणाऱ्या माझ्या नातीला बरोबर घेतले आणि नगरची प्रदक्षिणा करावयास निघालो. मुख्याध्यापकाची नोकरी संपली तरी प्रश्न घालण्याची सवय संपत नाही. मी तिला म्हटले, “प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट शोधावयाची. ह्या स्थानाने आपल्या भक्तांखेरीज इतरांना काय दिले, ते वहीत लिहून ठेव.”

सकाळी प्रथम माळीवाड्यातील विशाल गणपतीचे दर्शन घेतले. हे नगरचे ग्रामदैवत. पुरुषभर उंचीहून मोठी अशी ती शेंदरी मूर्ती पाहताना मान आपोआप वर होते. बसस्थानक जवळच असल्यामुळे खेड्यांतून आलेली माणसे तेथे सहज टेकतात. कोणी कोर्टाच्या कामाला आलेला, कोणी दवाखान्यात निघालेला. एक म्हातारी गाठोडे उशाशी घेऊन निवांत पडली होती. तिला कोणी जात विचारली नाही की गाव विचारले नाही. नातीने वहीत लिहिले, “सावली.”

तेथून आम्ही ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये गेलो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. दूरच्या देशातून आलेल्या ह्या माणसांनी येथली भाषा आपलीशी केली. ‘ज्ञानोदय’ हे पत्र त्यांनी १८४२ साली नगरमध्येच सुरू केले. ज्यांच्या नावाने हे चर्च ओळखले जाते त्या ह्यूम घराण्यातील रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ साली मुंबईत जन्मले आणि त्यांचे आयुष्य नगरच्या सेवेत गेले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात त्यांनी भुकेल्यांसाठी जे काम केले, त्याबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले होते.

आत रविवारची उपासना चालू होती. एका गृहस्थांनी खुणेनेच आम्हांला मागच्या बाकावर जागा दाखविली. थोड्या वेळाने पेटी-तबल्याच्या साथीवर भजन सुरू झाले. नात माझ्या कानाशी लागून म्हणाली, “आजोबा, ही चाल तर आपल्या अभंगाची आहे!”

तिचे म्हणणे खरे होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ज्ञानोबा-तुकोबांची वाणी सोडली नाही. ह्याच जिल्ह्यातील नेवाशास ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ ओवीतून सांगितला. सहाशे वर्षांनंतर टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र सांगावयासही ओवीच निवडली. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. १९१९ साली ते निवर्तल्यावर लक्ष्मीबाईंनी ते काव्य पुढे नेले.

चर्चच्या बाहेर आल्यावर एका झाडाखाली बसून मी नातीला लक्ष्मीबाईंची हकीकत सांगितली. टिळकांच्या धर्मांतराने त्यांचा संसार दुभंगला. नवरा एका धर्मात आणि बायको दुसऱ्या, अशी काही वर्षे लोटली. त्या वियोगाचे दुःख आणि सोवळ्या-ओवळ्याचे बंध मनातून एकेक करून कसे सुटले, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळ्या मनाने सांगितले आहे. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या विचाराने. पुढे नगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे येऊन राहिले. हा हिंदू तरुण त्या ख्रिस्ती घरात मुलासारखा वाढला. धर्म बदलावा की बदलू नये, ह्यावर लोकांनी पुष्कळ वाद केले आहेत आणि पुढेही करतील. त्या घरात मात्र ताटे एकत्र मांडली जात होती.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते आणि ज्यांची पायरी देवळाच्या बाहेरच होती, अशा अनेकांच्या मुलांच्या हाती पहिली पाटी मिशनच्या शाळेत आली. मुलींचेही तसेच. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली, १८३९ साली नगरला आली आणि १८६२ साली येथेच वारली. मुली शिकविणे हेच तिचे जीवितकार्य. तिची शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनाने उचल घेतली आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडेच गिरविले. फुले दांपत्याने आपला धर्म बदलला नाही. त्यांनी नगरहून शाळा नेली. हे ऐकून नातीने वहीत “शाळा” असा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

दुपारी किल्ल्याजवळची दमडी मशीद पाहिली. ती १५६७ च्या सुमाराची. वास्तू लहानशी, परंतु दगडावरील नक्षी अशी नाजूक की जणू लाकूडच कोरले आहे. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी काढून ती उभारली, अशी कथा सांगतात. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ असे आपण कंजुषाला म्हणतो. येथे तर घामाची दमडी माणसांनी आपण होऊन दिली! नात बराच वेळ कमानीवरून बोट फिरवीत होती. “दमडी देणाऱ्यांपैकी कोणाचेच नाव येथे नाही का?” असे तिने विचारले. मी म्हटले, “नाव राजांचे राहते, बाळ. ह्यांची दमडी राहिली.”

तेथून रिक्षा करून आम्ही शाह शरीफ ह्यांच्या दर्ग्यात गेलो. मालोजी भोसल्यांना मूल होत नव्हते. त्यांनी ह्या पिराला नवस केला आणि पुढे झालेल्या दोघा मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, अशी परंपरा आहे. नातीने क्षणभर विचार केला. “म्हणजे शिवाजी महाराजांच्या वडिलांचे नाव येथून आले!” ती उद्गारली. दर्ग्यातील वृद्ध सेवकाने हसून मान डोलावली आणि तिच्या ओंजळीत खडीसाखर घातली. वहीत “नाव” हा शब्द आला.

उन्हे कलताना आम्ही दौंडच्या रस्त्याने अरणगावजवळील मेहेराबादला पोहोचलो. मेहेरबाबा पुण्यातील इराणी जरथुश्त्री कुटुंबात १८९४ साली जन्मले. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. त्या आरंभीच्या काळात त्यांनी येथे मोफत दवाखाना आणि शाळा चालविली. तिच्यात ब्राह्मणांची आणि अस्पृश्य मानलेल्यांची मुले एकत्र बसत. टेकडीवरील समाधीच्या घुमटाच्या चार कोपऱ्यांवर मंदिर, मशीद, क्रूस आणि अग्निपात्र अशी चार चिन्हे आहेत. सकाळपासून आम्ही ज्या वास्तूंतून हिंडलो, त्यांतल्या तिघींच्या खुणा तेथे एका छपरावर दिसत होत्या.

परतीच्या गाडीत नात वही मिटून झोपी गेली. मी तिच्या पानावरचे शब्द वाचले : सावली, चाल, शाळा, दमडी, नाव, दवाखाना. हे सहा शब्द कोणत्या एका धर्माचे आहेत, हे वही पाहून कोणालाही सांगता आले नसते. नगरात भांडणे झालीच नाहीत, असे मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या गावाचा पाचशे वर्षांचा संसार भांडणांवाचून होत नसतो. पण भांडणाऱ्यांनीही एकमेकांकडून चाली घेतल्या, नावे घेतली, शाळा घेतल्या, आणि घेतलेले पुढच्यांना दिले. देवस्थान पाहावयास जाणाऱ्याने कळसाची उंची अवश्य पाहावी. मग खाली उंबऱ्याकडेही पाहावे आणि त्याच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तेथून काय मिळाले, एवढे विचारून यावे.