शिसपेन्सिलीची पूड

माणदेशात वाट बघावी लागते ती पावसाची. फुफाटा न बोलावता येतो. दिवाळी सरली की गाडीवाटेची माती पिठासारखी होते. मेंढरांचा एक कळप गेला तरी घटकाभर समोरचं माणूस दिसत नाही. ही माती दाराच्या कडीत शिरते, सायकलच्या साखळीत शिरते, विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीत शिरते. जिथं तेलाचा थेंब आहे तिथं तर ती मुक्कामालाच येते. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यात आधी कळली ती थोरल्या चुलत्यांना, आप्पांना. आणि ती त्यांना शेतानं नव्हे, पलटणीनं शिकवली.

आमच्या सातारा जिल्ह्यात पलटणीत माणूस नाही असं गाव सापडणं अवघड. आप्पा 1966 साली बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीत भरती झाले आणि हवालदार होऊन परत आले. नोकरीत त्यांनी राजस्थानची वाळू खाल्ली आणि लडाखचा बर्फ तुडवला. गावी आल्यावर पीकसंरक्षणासाठी परवान्याची एकनळी बाराबोअर घेतली. ती माजघरात खुंटीला असायची आणि तिच्याखाली फळीवर एक जुनी तपकिरीची डबी. डबीत तपकीर नव्हती, काळी चकचकीत पूड होती. आम्हा पोरांच्या शाळेतल्या शिसपेन्सिलींचे तुकडे आप्पा मागून घेत, आतली कांडी काढून खलबत्त्यात वस्त्रगाळ करत.

आजोबांना हे पटायचं नाही. त्यांचा जन्म बैलगाडीवर गेला होता. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. एरंडेलात काजळी कालवून केलेलं ते काळं वंगण आसाला भरपूर चोपडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ते म्हणायचे, “लोखंडाला त्याल न्हाई दिलं तर ते वरडतंया.”

आप्पा म्हणायचे, “दादा, गाडीचा आस आन् बंदुकीचा खटका येक न्हवं. आसाला ताकद बैलाची. हितं येवढीशी स्प्रिंग हाय. तिच्या वाटंत चिखुल झाला तर ती काय करंल?”

राजस्थानात त्यांनी तेच पाहिलं होतं. नवी पोरं रायफलीला मायेनं तेल पाजायची. एक वावटळ आली की ते तेल आणि वाळू मिळून अशी चटणी व्हायची, की सहाणेवर घासल्यासारखं पोलाद झिजायचं. जुने उस्ताद मग चिंदीनं सगळं कोरडं पुसायला लावायचे. नळीच्या तोंडाला कापड आणि आत तेलाचा फक्त वास.

लडाखची गोष्ट याच्या उलटी वाटे, पण निष्कर्ष तोच. द्रासकडं हिवाळ्यात पारा उणे 40 च्या खाली जातो. आप्पा आम्हाला समजावताना आईची खोबरेलाची बाटली पुढं ठेवायचे. पौषात आपल्याकडंसुद्धा खोबरेल थिजतं, उन्हात धरल्याशिवाय बोटाला लागत नाही. बंदुकीचं तेल तसं लवकर थिजत नाही, पण एवढ्या थंडीत तेही काकवीसारखं होतं. मग खटका ओढला तरी फायरिंग पिन रेंगाळत पुढं जाते, ठोका हलका बसतो आणि बार उडत नाही. 1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन फौजेच्या हत्यारांचं असंच झालं होतं.

“आन् बंकरात शेकोटीजवळ रायफल न्यायची न्हाई,” आप्पा सांगायचे. “उबंला आली की तिला घाम फुटतो. बाहीर नेली की त्या घामाचं बर्फ. माणूस आत, रायफल भाईर आडोशाला. दर पाळीला ती रिकामी करून कॉकिंग हँडल चार येळा वडायचं, चालतंया का बघायला.” हे सांगताना ते उजव्या हाताची करंगळी चोळायचे. तिचं टोक तिकडंच राहिलं होतं.

शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, हे मी पुढं कॉलेजात शिकलो. ते ग्राफाइट, कार्बनचे पापुद्रे एकावर एक, पत्त्यांच्या कॅटासारखे. ढकललं की पत्ता पत्त्यावरून घसरतो, म्हणून लोखंड लोखंडावर सरकतं. थिजायला त्यात काही नाही आणि धूळ धरायला ओल नाही. पण ग्राफाइटला नीट घसरायला हवेतली थोडी वाफ लागते. अगदी कोरड्या हवेत ते झिजतं. दुसऱ्या महायुद्धात फार उंच उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांमधले कार्बनचे ब्रश असेच भराभर झिजून गेले. शिवाय अॅल्युमिनियमला ते ओलीत खातं. तिथं मॉलिब्डेनम डायसल्फाइड बरं, ज्याला मिस्त्री लोक ‘मॉली’ म्हणतात. तेही पापुद्र्यांचंच, पण त्याला वाफेची गरज नाही. कोणतंही घ्या, आधी जुनं तेल पूर्ण धुऊन, वाळवून मगच लावायचं. तेलावर पूड टाकली की पुन्हा चटणीच.

याची किंमत शिवारानं एका पौषात पाहिली. शाळू हुरड्यात होता, रानडुकरं रोज यायची. शेजारच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याकडंही परवान्याची बंदूक होती, वर्षानुवर्षं तेल पाजलेली. भुईवर धूळ, वर कडाक्याची थंडी. त्या रात्री डुक्कर अंगावर आलं तेव्हा भिववायला त्यानं घोडा दाबला आणि नुसता ‘टक’ असा आवाज झाला. आप्पा आमच्या बांधावरून धावले, हवेत बार काढला, तेव्हा कळप पांगला. तोवर डुकरानं त्या माणसाची मांडी फाडली होती. तो वाचला; पण त्यानंतर पाय ओढतच चालायचा. पुढं शिमग्याला तो स्वतःच बंदूक घेऊन आमच्या ओसरीवर आला. आप्पांनी ती खोलली तर पिनेच्या भोकात राळेसारखा पिवळा गाळ. दोघांनी बसून तो काडीनं कोरून काढला. कोणी कोणाला काही बोललं नाही.

तरी आप्पा पुडीचे आंधळे भक्त नव्हते. पूड लोखंडाला सरकवते, गंजापासून राखत नाही, हे ते बजावून सांगत. मृगापासून दिवाळीपर्यंत बंदुकीला शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा हात, दिवाळीनंतर सगळं पुसून पूड. नळीत मात्र पूड कधीच नाही.

आप्पा गेले त्यानंतर परवाना संपला. कायद्यानं बंदूक ठाण्यात जमा करायची होती. वारसाच्या नावानं परवाना होईल की नाही, किती दिवस लागतील, काहीच सांगता येत नव्हतं. आदल्या रात्री चुलत भावानं ती उतरवली आणि सवयीनं डबीकडं हात नेला. चुलती चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “पूड नगं. आता ती चालायची न्हाई, नुसती पडून ऱ्हायची. तिला त्याल लाव, दाट लाव.”

चाळीस वर्षं ती हे सगळं गुपचूप ऐकत होती. भावानं पूड पुसून काढली आणि नळीपासून घोड्यापर्यंत तेलाचा जाड हात दिला.