हजेरीची वही

महाडच्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्याकडे कबड्डी संघाची जबाबदारी आली ती जमाखर्चाच्या वाटेने. पोलादपूरच्या बाजूच्या, सावित्रीकाठच्या एका गावातील तरुण गणवेशासाठी वर्गणी मागायला आले होते. शेठनी सवयीने विचारले, "मागच्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. हिशेब नव्हताच. शेवटी कर्णधार म्हणाला, "मग तुम्हीच सांभाळा, शेठ." शाळेत असताना शेठ डावा कोपरा खेळत, हे त्यांना कोणीतरी सांगितले असावे. अशा रीतीने ते व्यवस्थापकही झाले आणि प्रशिक्षकही.

पेढी चालवणे आणि संघ चालवणे यांतील अंतर पहिल्याच महिन्यात ध्यानात आले. नोकर उशिरा आला तर पगार कापता येतो. हौशी खेळाडूचे काय कापणार? तो पदरचे एसटीभाडे खर्चून येतो आणि गुडघे फोडून घेऊन परत जातो. त्याला देण्याजोगी एकच वस्तू प्रशिक्षकापाशी असते, मैदानावरील सात जागांपैकी एक. संघात मात्र बारा जण असतात.

त्या बारांतील पाच मुंबईला नोकरीस आणि तिघे महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर. भातकापणी उरकली की रिकाम्या शेतात ढेकळे फोडून, पाणी मारून मैदान तयार होई, फक्कीच्या रेषा आखल्या जात. पण सरावाला सात डोकी जमणे दुर्मीळ. २०१४ साली प्रो कबड्डी दूरचित्रवाणीवर आली, तेव्हापासून मुलांना मॅटचे बूट हवेसे वाटू लागले होते, पहाटेचे उठणे तेवढे नको होते. शेठनी सराव पहाटे पाचला ठेवला, म्हणजे पहिली पाळीही चुकणार नाही आणि दुकानही वेळेवर उघडेल. शंभर पानी वही आणून ते रोजची हजेरी मांडू लागले.

सामने रात्री, प्रकाशझोतात. शेठचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपलेले, नंतर पाणीही नाही. अंतिम सामना कधीकधी रात्री दोनला संपे. मुलांसाठी ते शेंगदाणे-गूळ आणि केळी नेत. विजयानंतर मात्र मुलांना मटण हवे असे, आणि बक्षिसाची रक्कम तर शेठच्या हाती. त्यांनी तोडगा काढला: रकमेचे वाटे करून ज्याचे त्याच्या हाती द्यायचे, पुढे विचारायचे नाही. ही पळवाटच होती, आणि घरी पत्नीने तसे बोलूनही दाखवले.

फेब्रुवारी २०१९ मधील एका उपांत्य सामन्याला मुंबईचा चढाईपटू ऐनवेळी पोहोचला. वीर स्थानकावर उतरून, कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आला होता. त्या हंगामात तो सरावाला एकदाही आलेला नव्हता. त्याला घ्यायचे तर एकाला बसवावे लागणार होते. डाव्या कोपऱ्यावर अठरा वर्षांचा एक मुलगा होता. वहीत त्याच्या नावापुढे एकही दिवस कोरा नव्हता. पण त्याची घोट्याची पकड अजून कच्ची होती. कर्णधार आणि गावची जाणती मंडळी एका सुरात बोलत होती. शेठनी मुलाला बसवले. संघ दोन गुणांनी जिंकला. हरला असता तर चूक मान्य करणे सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा सरावाला आला नाही. चार दिवसांनी शेठ त्याच्या घरी गेले. वडील लगबगीने उठले, घोंगडी अंथरली आणि अपराध्यासारखे म्हणाले, "शेठ, बाकीसाठी आलात का? मुंबईहून थोरल्याचे पैसे आले की लगेच देतो."

त्या घराचे खाते दुकानात होते, हे शेठ विसरले होते. ते घर विसरले नव्हते. मुलाने त्या रात्री एक शब्दही उलट का काढला नाही, याचा उलगडा त्यांना तेव्हा झाला. गल्ल्यावरचा माणूस आणि शिट्टी वाजवणारा माणूस एकच असला की समोरचा कशाला भिऊन गप्प आहे ते कळत नाही. ज्यासाठी आले होते ते बोलणे त्यांना जमले नाही. चहा घेऊन ते परतले.

पुढच्या हंगामात त्यांनी नियम केला: हजेरी नाही, तर पहिल्या सातांत जागा नाही. चढाईपटू दुसऱ्या गावाकडून खेळू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये संघ पहिल्याच फेरीत बाद झाला आणि गावातील लोक शेठशी महिनाभर तुटक बोलत होते. डाव्या कोपऱ्यावर तोच मुलगा होता. तो परत आला होता, का ते त्याने सांगितले नाही. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सारेच थांबले.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल, भिजलेली धान्याची पोती आणि कुजका वास. रस्ता मोकळा होताच कबड्डीची मुले फावडी घेऊन आली. त्यांनी तीन दिवस चिखल उपसला. डाव्या कोपऱ्याच्या मुलाला टेबलाच्या खणात उधारीची खातेवही सापडली; पानांचा लगदा झाला होता. तिच्याखालीच हजेरीची वही होती, तिचीही तीच गत. शेठनी दोन्ही वह्या चिखलाच्या ढिगावर टाकायला सांगितल्या. मुलगा क्षणभर थबकला, मग टाकून आला. संध्याकाळी त्याच्या वडिलांनी निरोप धाडला की बाकी किती ती त्यांच्या लक्षात आहे.

डिसेंबरमध्ये शेत रिकामे झाले, तशी नवी वही आली. टाळेबंदीपूर्वीची हजेरी आठवून त्यात उतरवावी, असा कर्णधाराचा आग्रह होता. कोण किती दिवस आला होता, यावरून पहिल्याच पहाटे अर्धा तास भांडण झाले आणि तिघांची पहिली पाळी चुकली.